बिशप कोमेनियस आणि त्यांचें चित्रांचें पुस्तक

लहान मुलाच्या हातीं चित्रांचें पुस्तक दिलें म्हणजे तें अक्षरांकडे न पाहतां आधीं चित्राकडे पाहतें, हें खेडोपाडींच्या प्रत्येक शिक्षकाच्या अनुभवाचें आहे. चित्रांतील वस्तूचें नांव मूल तोंडानें घेतें, आणि मग त्या नांवाच्या काळ्या रेघांशीं त्याची ओळख होते. ही रीत आतां इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ती कोणाला तरी एकदां शोधून काढावी लागली असेल असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु ज्या पुस्तकानें ती युरोपांतील शाळांत रुजविली तें इ. स. १६५८ सालीं जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं छापिलें गेलें, आणि त्याचा कर्ता घरदार व देश गमावलेला सहासष्ट वर्षांचा एक पाळक होता. वाचन आणि सृष्टिज्ञान हे दोन विषय नसून एकच धडा आहे, असें त्याचें मत होतें. त्या यान आमोस कोमेनियस यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

कोमेनियस यांचा जन्म ता. २८ मार्च १५९२ रोजीं मोराव्हिया प्रांतीं झाला. हा प्रांत आज चेक प्रजासत्ताक ह्या देशांत मोडतो. त्यांचे आईबाप बंधुमंडळी नांवाच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे सभासद होते. यान हस ह्या सुधारकास १४१५ सालीं जिवंत जाळण्यांत आलें. त्याच्या शिकवणीचा वारसा सांगणारी ही मंडळी १४५७ सालीं स्थापन झाली. तिच्यांत शेतकरी व कारागीर पुष्कळ असत, आणि शास्त्र आपल्या भाषेंत वाचतां यावें म्हणून मुलांस अक्षरओळख करून देण्याकडे तिचें फार लक्ष असे.

यान बारा वर्षांचा होण्याच्या सुमारास त्याचे आईबाप वारले. बहिणींपैकीं दोघी त्याच काळांत गेल्या. नातलगांनीं त्याला आपल्या घरीं नेलें, पण १६०५ सालीं लढाईच्या धामधुमींत तें गांवहि लुटलें गेलें. पोरक्या मुलाच्या शिक्षणाची काळजी कोणी फारशी वाहिली नाहीं. लॅटिन शाळेंत त्याचें नांव दाखल झालें तेव्हां तो सोळा वर्षांचा होता. वाचकांनीं असें समजूं नये कीं, उशिरा बसल्यामुळें त्याचें केवळ नुकसान झालें. दहा वर्षांच्या मुलावर जो जुलूम होतो तो जुलूम आहे हें त्या मुलाला कळत नाहीं. सोळा वर्षांच्या मुलाला तें कळतें. यानला तें पुरतेपणीं कळलें.

तो जुलूम काय होता तें सांगितलें पाहिजे. त्या काळीं विद्या म्हणजे लॅटिन भाषा. लॅटिन शिकावयाची ती व्याकरणाच्या नियमांनीं, आणि ते नियमहि लॅटिनमध्येंच लिहिलेले. ज्या मुलास ती भाषा येत नाहीं त्यानें त्याच भाषेंतील नियम पाठ करावे, चुकल्यास छडी खावी, आणि वर्षानुवर्षें शब्दांवर शब्द रचीत जावें. त्या शब्दांनीं दर्शविलेली वस्तु त्यानें पाहिली आहे कीं नाहीं हें कोणी विचारीत नसे. धान्याचीं लॅटिन नांवें घोकणारा मुलगा शाळेबाहेरच्या शेतांत उभें असलेलें पीक कोणतें हें सांगूं शकेलच असें नव्हतें. घोकंपट्टीचा हा रोग केवळ त्या देशाचा किंवा त्या काळाचा होता असें आम्ही म्हणत नाहीं.

पुढें मंडळीनें ह्या हुशार तरुणास जर्मनींत हेर्बोर्न व हायडेलबर्ग येथील विद्यालयांत धाडिलें. तेथील एक गोष्ट येथें नमूद करून ठेवितों, कारण तिचें काम पुढें पडणार आहे. हायडेलबर्ग येथें १६१४ च्या जानेवारींत त्यानें एका दिवंगत प्राध्यापकाच्या विधवेकडून एक हस्तलिखित विकत घेतलें. तें कोपर्निकस ह्या ज्योतिष्याच्या स्वतःच्या हातचें होतें. सूर्य स्थिर असून पृथ्वी त्याच्याभोंवतीं फिरते, हें ज्या ग्रंथानें जगास सांगितलें त्याचीच ही मूळ प्रत. ती आज पोलंडांतील क्राकाव येथील विद्यापीठांत जतन करून ठेविली आहे. त्याच वर्षीं, आजारीपणांतून उठून, हा विद्यार्थी हायडेलबर्गहून प्रागपर्यंत पायीं चालत स्वदेशीं परतला.

कोमेनियस प्रथम शिक्षक झाले, १६१६ सालीं पाळक झाले, आणि पुढें फुल्नेक गांवची मंडळी व शाळा त्यांच्याकडे सोंपविण्यांत आली. लग्न झालें, मुलें झालीं. त्यांच्या आयुष्यांतील सुखाचीं वर्षें एवढींच. १६१८ सालीं प्राग येथें ठिणगी पडून जें युद्ध पेटलें तें तीस वर्षें विझलें नाहीं. ८ नोव्हेंबर १६२० रोजीं प्रागजवळच्या पांढऱ्या टेंकडीवर प्रॉटेस्टंट सैन्याचा मोड झाला, आणि पुढल्या वर्षीं शत्रूच्या फौजा फुल्नेकांत शिरल्या. पाळकांस जीव वांचविण्यासाठीं रानावनांत व एका उदार सरदाराच्या जहागिरींत लपून राहावें लागलें. ते असे लपून असतांना १६२२ सालीं त्यांची तरुण पत्नी व दोन्हीं लेकरें सांथीनें दगावलीं. पाठोपाठ फुल्नेकच्या चव्हाट्यावर त्यांचीं पुस्तकें जाळण्यांत आलीं. राजाच्या धर्मांत या, नाहीं तर देश सोडा, असा हुकूम निघाल्यावर १६२८ च्या आरंभीं ते दुसऱ्या पत्नीसह, पुष्कळ बांधवांच्या सोबतीनें, सरहद्द ओलांडून पोलंडांत लेश्नो ह्या गांवीं गेले. मायदेश त्यांना पुन्हां दिसला नाहीं.

लेश्नो येथें पोटासाठीं व मंडळीसाठीं ते पुन्हां शिक्षक झाले. शत्रूनें देश घेतला आहे; तो एके दिवशीं परत मिळेल; मिळाल्यावर तो उभारावयाचा तो कोणीं? तर आज पाटीवर अक्षरें गिरविणाऱ्या मुलांनीं. ह्या विचारानें त्यांनीं शिक्षणकलेचा एक मोठा ग्रंथ आपल्या चेक भाषेंत लिहावयास घेतला. लिहून झाला तों देश परत मिळण्याची आशाच मावळली, आणि तो ग्रंथ पुढें लॅटिनमध्यें करून १६५७ सालीं छापावा लागला. त्यांत त्यांनीं घातलेली मांडणी अशी: सहा वर्षांपर्यंत प्रत्येक घर ही शाळा व आई ही शिक्षिका, सहापासून बारापर्यंत प्रत्येक गांवांत मातृभाषेची शाळा, नंतर शहरांत लॅटिन शाळा, आणि शेवटीं प्रांतोप्रांतीं विद्यापीठ. पहिल्या दोन शाळांत सर्वांनीं यावयाचें, मुलांनीं तसेंच मुलींनींहि, श्रीमंतांच्या तसेंच मजुरांच्याहि. मुलींना शिकवून काय करावयाचें असें विचारणारे त्या काळीं बहुतेक सर्वच होते. कोमेनियस यांनीं त्यांच्यापुढें माघार घेतली नाहीं.

आईच्या शाळेविषयीं त्यांनीं वेगळें पुस्तकच लिहिलें. पाणी, माती, दगड, विस्तव, पाऊस, झाड, गाय हीं ओळखणें हा सृष्टिज्ञानाचा पहिला धडा; उजेड व अंधार यांतील भेद कळणें हा दृष्टिशास्त्राचा; पाळणा कोठें व दार कोठें हें कळणें हा भूगोलाचा; काल, आज व उद्यां हे शब्द समजणें हा इतिहासाचा. म्हणजे मोठमोठ्या शास्त्रांचीं बीजें ओटीवर व अंगणांत, अक्षर येण्याच्या आधींच पेरलीं जातात. आमच्या ज्या भगिनी आपणांस अडाणी समजतात त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

कोमेनियस यांची कीर्ति मात्र झाली ती दुसऱ्याच एका लहान पुस्तकानें. १६३१ सालीं त्यांनीं लॅटिनचें दार उघडून देणारें एक क्रमिक पुस्तक छापिलें. हें दाराचें नांव व युक्ति त्यांच्यापूर्वीं स्पेनमध्यें काढलेल्या एका तशाच पुस्तकांतील होती, आणि तें त्यांनीं मोकळेपणीं सांगितलें आहे. पण मूळ पुस्तकांत वाक्यें कशीहि गोळा केलेलीं होतीं. कोमेनियस यांनीं तीं जगाच्या क्रमानें लाविलीं. सुमारें आठ हजार शब्द, एक हजार वाक्यें, शंभर प्रकरणें. आणि तीं प्रकरणें नामें, सर्वनामें व क्रियापदें यांचीं नव्हेत, तर विस्तव, पाणी, धातु, वनस्पति, पशु, मनुष्यदेह, शेतकी, कारागिरी, राज्यव्यवस्था यांचीं. भाषा शिकतां शिकतां मुलगा जगाची फेरी करून येई. पुस्तक पाहतां पाहतां युरोपभर पसरलें आणि अनेक भाषांत उतरलें.

ह्यानंतर त्यांना एकीकडून दुसरीकडे बोलावणीं येऊं लागलीं. १६४१ सालीं ते लंडनला गेले. सर्व विद्यांचे पंडित एकत्र बसवून सर्वांच्या कल्याणाचें ज्ञान एका ठिकाणीं रचावें, असा त्यांचा मोठा बेत होता. तेथें राजा व पार्लमेंट यांच्यांत युद्ध जुंपण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं व बेत फसला. पुढल्या वर्षीं परततांना हॉलंडांत देकार्त ह्या प्रख्यात तत्त्ववेत्त्याशीं त्यांचें चार तास संभाषण झालें. दोघे एकमेकांविषयीं आदर बाळगून, पण एकमत न होतां, उठले. मग स्वीडनच्या सरकारासाठीं व तेथील एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या आश्रयानें त्यांनीं सहा वर्षें शाळांचीं पुस्तकें लिहिलीं. हें काम त्यांना मनापासून आवडत नसे. जगाच्या सुधारणेचे मोठे ग्रंथ बाजूस ठेवून लॅटिनचे धडे रचीत बसणें त्यांना पोरखेळ वाटे. पण आश्रयदात्याला धडेच हवे होते, आणि देशोधडीस लागलेल्या बांधवांची पोटें त्याच्याच मदतीवर भरत होतीं.

१६४८ सालीं तीस वर्षांचें युद्ध संपलें. तहांत कोमेनियस यांच्या देशबांधवांना कांहींएक मिळालें नाहीं. परतीचा रस्ता कायमचा बंद झाला. त्याच वर्षीं त्यांची दुसरी पत्नी वारली, व त्याच वर्षीं त्यांना आपल्या विखुरलेल्या मंडळीचे मुख्य बिशप करण्यांत आलें.

१६५० सालीं हंगेरींतील शारोश्पाटाक येथील राजघराण्यानें त्यांना आपली शाळा सुधारण्यास बोलाविलें. सात वर्गांची योजना होती. त्यांपैकीं तीनच वर्ग चालूं झाले. मुलें बिचकत, शिक्षक कुरकुरत, आणि लॅटिनच्या दाराचें पुस्तक येथल्या नवशिक्या मुलांस जड जाई. एक हजार वाक्यें जगाविषयीं होतीं खरीं, पण तीहि शेवटीं वाक्येंच. सुताराचा रंधा असें वाचून ज्यानें रंधा पाहिला नाहीं त्याच्या मनांत काय उभें राहणार? तेव्हां साठीकडे झुकलेल्या ह्या शिक्षकानें धड्याच्या आधीं चित्र घालण्याचें ठरविलें. शारोश्पाटाक येथें लाकडावर असे ठसे कोरणारा कारागीर नव्हता, म्हणून हस्तलिखित न्यूरेंबर्गच्या एंटर नामक छापखानेवाल्याकडे गेलें, व तेथें ठसे तयार होण्यांत वर्षें लोटलीं.

ऑर्बिस पिक्टस, म्हणजे चित्रांत दाखविलेलें जग, हें त्या पुस्तकाचें नांव. त्याची रचना आम्ही जरा विस्तारानें सांगतों, कारण आमच्या वाचकांपैकीं बरेच जण सोमवारपासून शनिवारपर्यंत शाळा चालवून रविवारीं उपासना चालवितात, व त्यांना ती उपयोगी वाटेल.

आरंभीं मुळाक्षरें, पण तीं प्राण्यांच्या तोंडून. कावळ्याचें चित्र, आणि त्याच्या ओरडण्यांतून आ हा स्वर. कोकराचें चित्र, आणि त्याच्या बेंबें करण्यांतून ब. वारा वाहतो त्यांतून फ, साप फुसफुसतो त्यांतून स, पिलूं चिवचिवतें त्यांतून प. तान्हें बाळ रडतें त्यांतूनहि एक स्वर काढिला आहे. म्हणजे अक्षर हें पाटीवर आकाशांतून पडलेलें चिन्ह नव्हे. मुलानें हजारदां ऐकलेल्या आवाजाचें तें रूप आहे. आमच्या भाषेंत कावळा आ म्हणत नाहीं, तो काव म्हणतो. तेव्हां आमच्या मुलांस तो क शिकवील, एवढाच काय तो फरक.

नंतर दीडशें धडे. प्रत्येक धड्याच्या माथ्यावर एक चित्र. खालीं एका रकान्यांत लॅटिन व शेजारच्या रकान्यांत मुलाची जन्मभाषा, जी त्या पहिल्या आवृत्तींत जर्मन होती. चित्रांतील वस्तूंवर आंकडे घातलेले, आणि मजकुरांत त्या वस्तूचें नांव आलें कीं त्याच्यापाशीं तोच आंकडा. मुलानें शब्द वाचावा, आंकडा पाहावा, चित्रांत तो आंकडा शोधावा, आणि वस्तूवर बोट ठेवावें. ही युक्ति दिसण्यांत क्षुल्लक आहे. पण तिच्यामुळें मूल अर्थ न समजतां पुढें सरकूंच शकत नाहीं. शब्दापासून वस्तूकडे व वस्तूपासून शब्दाकडे त्याचें बोट सारखें येरझारा घालीत राहतें.

ढगांचा धडा घ्या. पाण्यापासून वाफ वर चढते. वाफेचा ढग होतो. तीच जमिनीजवळ राहिली तर धुकें. ढगांतून पाऊस गळतो. तो गोठला तर गारा. आणि पावसाळी ढगावर समोरून ऊन पडलें म्हणजे इंद्रधनुष्य. पांचसहा वाक्यांत वाचनाचा धडा झाला, आणि पाऊस कोठून येतो हेंहि मुलाला कळलें. मधमाशांच्या धड्यांत पोळें, त्यांतील सहा कोनांचीं घरें, मध आणि वितळवून काढलेलें मेण. दुसऱ्या धड्यांत दळण, त्यापुढें भाकर भाजणें. मग विणकर, शिंपी, चांभार, सुतार, गवंडी, लोहार, छापखानेवाला. ज्या कारागिरांचीं नांवें विद्वानांच्या पुस्तकांत क्वचितच येत, त्यांच्या हत्यारांचीं नांवें येथें राजेरजवाड्यांच्या मुलांस वाचावीं लागलीं.

शाळेचाहि एक धडा आहे, आणि तो वाचतांना आम्हांस हंसूं आलें. बांकांवर मुलें बसलीं आहेत, गुरुजी शिकवीत आहेत, कांहीं मुलें गप्पा मारीत आहेत, आणि अशांसाठीं छडी व पट्टी हजर आहे असें त्यांत सांगितलें आहे. धडा न आल्याबद्दल मारणें कोमेनियस यांस मुळींच मान्य नव्हतें. मूल शिकत नसेल तर दोष शिकविण्याच्या रीतींत पाहावा असें ते म्हणत. खोडीची गोष्ट वेगळी. निदान छडीचें चित्र काढून त्यांनीं ती लपविली नाहीं.

पुस्तकाचा पहिला धडा देवाविषयीं व शेवटला न्यायाच्या दिवसाविषयीं आहे. सारी सृष्टि ह्या दोहोंच्या मध्यें. डोळ्यांस न दिसणाऱ्या गोष्टींची अडचण येणारच होती. मनुष्याच्या देहाचीं चित्रें झाल्यावर आत्म्याचा धडा आला, तेव्हां तेथें केवळ ठिपक्यांनीं आंखलेली एक मनुष्याकृति दिली आहे: ना चेहरा, ना वस्त्र. मुलाला पाहावयास कांहीं तरी दिलें, आणि हें डोळ्यांनीं पाहण्याजोगें नव्हे हेंहि त्याच चित्रानें सांगितलें. आम्हांस पुष्कळ लांबलचक व्याख्यांपेक्षां हे ठिपके पसंत आहेत.

प्रस्तावनेंत त्यांनीं शिक्षकांस सूचना केल्या आहेत. पुस्तक शाळेंत जाण्यापूर्वींच मुलाच्या हातीं द्यावें, व त्याला चित्रें मनसोक्त पाहूं द्यावीं. मूळ वस्तु मिळत असेल तेथें चित्रावर भागवूं नये, वस्तूच दाखवावी. रंग व चव हीं शाईनें दाखवितां येत नाहींत, म्हणून सहज न मिळणारे जिन्नस प्रत्येक मोठ्या शाळेंत सांठवून ठेवावे. मुलांस चित्रें स्वतः काढूं द्यावीं, वाटल्यास रंगवूंहि द्यावीं. पाहणें, नांव घेणें, वाचणें, काढणें असा हा एकच वस्तुपाठ आहे. आमच्या खेड्यांतील शाळेंत भिंतीवर तक्ते नसतील. परंतु न्यूरेंबर्गच्या कारागिरास जें लाकडावर कोरावें लागलें तें बहुतेक सारें, नांगर, जातें, कोष्ट्याचा माग, कुंभाराचें चाक, आमच्या शाळेच्या दाराबाहेर उभें असतें. शिक्षकानें मुलांस घेऊन दाराबाहेर पडावयाचें असतें, इतकेंच.

आतां ती हस्तलिखिताची गोष्ट. डोळ्यांनीं पाहा, मग बोला, असें सांगणाऱ्या ह्याच पुस्तकांत आकाशाच्या धड्यांत असें शिकविलें आहे कीं, पृथ्वी मध्यभागीं स्थिर उभी असून आकाश तिच्याभोंवतीं फिरतें. पुस्तक छापण्यापूर्वीं चव्वेचाळीस वर्षें कोपर्निकसची मूळ प्रत विकत घेणाऱ्या माणसानें हें लिहिलें! तो ग्रंथ त्यांनीं बाळगला, पण त्यांतील मत स्वीकारिलें नाहीं. शास्त्रवचनें, इंद्रियें आणि बुद्धि ह्या तिघांची साक्ष जुळली पाहिजे असा त्यांचा नियम होता. वचनांचा अर्थ ते जुन्या रीतीनें लावीत, आणि डोळ्यांना तर सूर्यच चालतांना दिसतो. बुद्धीची साक्ष एकटी पडली. तेव्हां त्यांच्या रीतीचा थोरपणा सांगतांना तिची उणीवहि सांगणें प्राप्त आहे. वस्तु पाहून शब्द शिकावा हें खरें. पण कांहीं वस्तु अशा आहेत कीं, त्या नुसत्या पाहून चालत नाहीं, मोजाव्या लागतात. मोजण्याचा धडा त्यांच्या पुस्तकांत नाहीं असें नव्हे; पण आकाशाच्या बाबतींत त्यांनीं तो लाविला नाहीं. शारोश्पाटाकच्या मुलांनीं वाचन शिकतां शिकतां हीहि चूक शिकली असेल, आणि चित्र पाहून शिकलेली चूक लवकर विसरत नाहीं.

हंगेरींतून ते १६५४ सालीं लेश्नोला परतले. पुढें पोलंड व स्वीडन यांत युद्ध जुंपलें. लेश्नोच्या प्रॉटेस्टंट लोकांचा, आणि उघडपणें कोमेनियस यांचा, कल स्वीडनच्या राजाकडे होता. त्यांनीं त्या राजाची स्तुति लिहून छापिलीहि होती. ही स्तुति शहाणपणाची नव्हती असें आम्हांस वाटतें. १६५६ च्या एप्रिलांत पोलिश फौजेनें लेश्नो जाळिलें. घर, पुस्तकें, हस्तलिखितें गेलीं. त्यांत चेक भाषेचा एक शब्दकोश होता. १६१२ सालीं विद्यार्थिदशेंत त्याला त्यांनीं हात घातला होता; चव्वेचाळीस वर्षांचें तें काम एका दिवसांत राख झालें. ह्या नुकसानीचें दुःख मरेपर्यंत गेलें नाहीं. चित्रांच्या पुस्तकाचे कागद तेवढे त्या वेळीं न्यूरेंबर्गच्या छापखान्यांत पडून होते, म्हणून वांचले.

शेवटचीं चौदा वर्षें आम्स्टरडॅम येथें गेलीं. जुन्या आश्रयदात्याच्या मुलानें त्यांना आधार दिला, आणि शिक्षणावरील त्यांचे सर्व ग्रंथ १६५७ सालीं एकत्र छापिले गेले. त्याच वर्षीं त्यांनीं कांहीं समकालीन द्रष्ट्यांचीं भाकितें छापिलीं. राज्यें उलथतील व देश परत मिळेल असें तीं सांगत. भाकितें खोटीं ठरलीं, विद्वानांनीं थट्टा केली, आणि म्हाताऱ्याचें नांव कांहीं काळ त्या थट्टेखालीं झाकलें गेलें. देश गमावलेल्या माणसाच्या आशेस आम्ही हंसत नाहीं, पण त्या आशेनें त्यांची दृष्टि मंद केली होती खास.

चित्रांचें पुस्तक १६५८ सालीं निघालें. पुढल्याच वर्षीं लंडनमध्यें चार्ल्स हूल नांवाच्या शिक्षकानें तें इंग्रजींत आणिलें. नंतरच्या शंभर वर्षांत त्याच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या कीं, जर्मन कवि गटे यांच्या बालपणीं, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यास, मुलांसाठीं म्हणून जीं मोजकीं पुस्तकें घरांत असत त्यांत हें होतें. तसें त्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. जें काम कोमेनियस यांस पोरखेळ वाटे तें असें टिकलें.

त्यांच्या मनचा मोठा ग्रंथ, मनुष्यजातीच्या सर्व व्यवहारांच्या सुधारणेविषयींचा, अपुराच राहिला. ता. १५ नोव्हेंबर १६७० रोजीं अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं आम्स्टरडॅम येथें ते वारले. त्यापूर्वीं तो ग्रंथ पुरा करण्याचें काम त्यांनीं आपला मुलगा दानिएल याच्यावर सोंपविलें होतें. तें झालें नाहीं. हस्तलिखित नजरेआड झालें, व अडीचशें वर्षांहून अधिक काळानें, १९३५ च्या सुमारास, जर्मनींतील हाले गांवच्या अनाथगृहाच्या पुस्तकालयांत एका विद्वानाच्या हातीं लागलें. हें हाले म्हणजे तेंच, जेथील विद्यार्थी त्सीगेनबाल्ग १७०६ सालीं तरंगंबाडीस येऊन तमिळ मुलांच्या शाळा उघडिता झाला. संपूर्ण ग्रंथ प्राग येथें १९६६ सालीं छापिला गेला.

कोमेनियस यांस हॉलंडांतील नार्देन गांवच्या एका लहान चर्चमध्यें पुरण्यांत आलें. बंधुमंडळीचे ते शेवटले बिशप ठरतील असें त्या वेळीं वाटलें होतें. परंतु त्यांच्या मुलीचा मुलगा दानिएल याब्लोन्स्की पुढें बिशप झाला, आणि मोराव्हियाहून पळून आलेल्या कांहीं कुटुंबांनीं जर्मनींत हेर्नहूट येथें ती मंडळी पुन्हां उभी केली तेव्हां त्यानेंच १७३५ सालीं तिच्या पहिल्या बिशपावर हात ठेविले. ह्याच मोरेव्हियन मंडळीचे मिशनरी १८८५ सालीं हिमालयापलीकडे लडाखांत लेह येथें येऊन राहिले. तेथें त्यांनीं काढलेली शाळा अद्याप चालूं आहे.